लक्ष्मीबाई टिळक : एका आजीचा हसरा संसार

मुरुडच्या किनाऱ्यावर दुपारची जेवणे आटोपली, वाडीतील माडा-पोफळींना शिंपणे झाले, की घरोघरच्या पडवीत आजीबाईंचे राज्य सुरू होते. कोणी सुपारी कातरीत बसते, कोणी वाती वळते, कोळीवाड्यात कोणी सुकी मासळी निवडते. हात कामात आणि तोंड गोष्टीत. ह्या किनाऱ्याचे वैशिष्ट्य असे, की येथे आजी एका धर्माची नाही. सिद्दी घराण्यातील वृद्धा येथे आहे, कोळीण आहे, भटवाडीतील सोवळी आजी आहे. शनवारी घाणा बंद ठेवीत म्हणून ज्यांना लोक शनवार तेली म्हणत, त्या बेने इस्रायल कुटुंबांच्याही कित्येक पिढ्या ह्या किनारपट्टीवर नांदल्या. ह्याच मुरुड तालुक्यात, रेवदंड्याच्या खाडीच्या मुखाशी, कोर्लईचा किल्ला आहे. १७४० साली तो मराठ्यांच्या हाती आला, पोर्तुगीज निघून गेले, परंतु किल्ल्याच्या पायथ्याचा ख्रिस्ती गाव जागीच राहिला. त्या गावातील आजी अद्यापि आपल्या नातवंडांशी पोर्तुगीज व मराठी ह्यांच्या सहवासातून निपजलेल्या एका निराळ्याच बोलीत बोलते. गावकरी तिला 'नौ लिंग', म्हणजे 'आपली बोली', असे म्हणतात.

कोर्लईत ख्रिस्ती आजी असणे ही नवलाची गोष्ट नव्हे; तिची आजीही ख्रिस्तीच होती. परंतु जिची आजी, आई व सासू कडकडीत सोवळ्यात वाढल्या, जिने स्वतः अर्धे आयुष्य ओल्या लुगड्याच्या स्वयंपाकात काढले, आणि जी पुढे ख्रिस्ती घरातील आजी होऊन आपल्या साऱ्या जन्माची हकीकत हसत हसत सांगून गेली, अशी स्त्री विरळाच. त्या स्त्रीचे नाव लक्ष्मीबाई टिळक. आजचे हे चार शब्द तिच्याविषयी आहेत.

'टिळक' हे नाव उच्चारले की लोकमान्यांची मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते. म्हणून आरंभीच सांगितले पाहिजे की हे घर निराळे. लक्ष्मीबाईंचे पती म्हणजे कवी नारायण वामन टिळक. त्यांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. फुलांवर व मुलांवर लिहिलेल्या त्यांच्या कविता महाराष्ट्राच्या जिभेवर खेळल्या. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे आडनाव गोखले व नाव मनकर्णिका. घरात सारे 'मनू' म्हणत. १८८० साली, अकरा-बारा वर्षांच्या वयात, मनूची लक्ष्मी झाली. शाळेचा उंबरठा तिने ओलांडला नव्हता. अक्षरांची ओळख पुढे पतीनेच करून दिली. आणि पती हा शिक्षक झाला म्हणजे शिकवणीच्या तासात पाठ किती व भांडण किती, हे ज्याच्या त्याच्या घरी ठाऊक असते.

ह्याच बाईने वयाच्या साठीनंतर 'स्मृतिचित्रे' नावाचे पुस्तक लिहिले. त्याचा पहिला भाग १९३४ साली बाहेर पडला, आणि १९३६ पर्यंत चारही भाग प्रसिद्ध झाले. पुस्तक लिहावयाचे असे ठरवून ती बसली नव्हती. मुलाला, देवदत्तांना, वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते. त्यासाठी त्यांनी आईच्या आठवणी मागितल्या. आई सांगू लागली आणि वडिलांचे चरित्र बाजूस राहून आईचेच पुस्तक उभे राहिले. घरातील वडील माणसास एखादी गोष्ट विचारावी आणि तिच्या मागून दहा गोष्टी निघाव्यात, असाच हा प्रकार. लक्ष्मीबाई लिहिताना जणू बोलतच होत्या. वाक्ये लहान, शब्द स्वयंपाकघरातले, पाल्हाळ नाही, संस्कृताचे अवडंबर नाही. मुंबईचे नभोवाणी केंद्र १९२७ सालीच सुरू झाले होते. 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव जून १९३६ मध्ये मिळाले, आणि लक्ष्मीबाई त्याच वर्षी २४ फेब्रुवारीस नाशिक येथे वारल्या. त्यांचे पुस्तक कोणी मोठ्याने वाचू लागला, म्हणजे पडवीतील आजीच बोलत आहे असे वाटते. नभोवाणीसाठी ह्याहून योग्य मराठी शोधूनही मिळणार नाही.

त्या काळापर्यंत मराठीत बायकांनी लिहिलेली आत्मवृत्ते थोडीच होती. रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० साली प्रसिद्ध झाल्या होत्या. पार्वतीबाई आठवल्यांची 'माझी कहाणी' १९२८ ची. ख्रिस्ती झालेल्या महाराष्ट्रीयांपैकी बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' त्यांच्याही आधीचे. ही सर्व पुस्तके आदरणीय आहेत. परंतु त्यांचा स्वर गंभीर आहे. कोणी पतीचे थोरपण सांगतो, कोणी आपल्या कार्याची हकीकत देतो, कोणी आपण जुना धर्म का सोडला त्याची कारणे मांडतो. लक्ष्मीबाईंना ह्यांपैकी काहीच सिद्ध करावयाचे नव्हते. त्या घरातील गोष्ट घरातल्यासारखी सांगतात, आणि ती सांगताना त्यांना हसू येते. ते हसू कोठून आले, हे पाहिले म्हणजे त्याची किंमत कळते.

प्रथम माहेरचे घर पाहू. १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आईचे वडील फाशी गेले. ह्या आघाताने जावयाचे, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे, मन असे काही हादरले की त्यांना सोवळ्याचे वेड लागले. धार्मिक आचार निराळा आणि हे निराळे. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात यावयाचा नाही. जे धुता येते तेही धुवावयाचे आणि जे धुऊ नये तेही धुवावयाचे. घरातील बायकांचे सारे आयुष्य पाण्यात गेले. थंडीवाऱ्यात ओलेत्याने वावरणारी आई, विटाळाच्या भीतीने कोपऱ्यात उभी राहिलेली मुले, आणि घरभर एका माणसाचा धाक, असे ते चित्र. दुसऱ्या कोणा लेखकाच्या हाती ही सामग्री पडली असती तर त्याने वाचकास रडविले असते अथवा वडिलांना राक्षस ठरविले असते. लक्ष्मीबाई दोन्ही करीत नाहीत. त्या वडिलांच्या तऱ्हा एकामागून एक सांगत जातात. वाचक हसू लागतो. आणि हसता हसताच त्याच्या ध्यानात येते की ह्या हास्यामागे एक गांजलेली माउली उभी आहे. वडील दुष्ट नव्हते, भ्यालेले होते, ही गोष्ट लेक कोठेही व्याख्यान न देता समजावून देते. भ्यालेल्या माणसाला हसावे, पण हिणवू नये, हा लक्ष्मीबाईंच्या विनोदाचा पहिला नियम होय.

आता सासरचे घर. टिळक बुद्धिमान, वाणी रसाळ, अंतःकरण लोण्यासारखे. परंतु स्वभाव तापट आणि पाय भिंगरीचे. आज येथे शिक्षक, उद्या तेथे पुराणिक, परवा नागपुरास आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने ग्रंथांच्या कामात, पुढे राजनांदगावास. कोणत्याही गावी चूल मांडून तवा तापेपर्यंत ती उचलण्याची वेळ यावयाची. पैसा त्यांच्या खिशात टिकत नसे. समोर गरजू माणूस दिसला की हात खिशात जावयाचा, आणि खिसा रिकामा करूनच बाहेर यावयाचा. दानशूर नवरा शेजाऱ्यापाजाऱ्यांस फार गोड वाटतो. त्याच्या बायकोस मात्र संध्याकाळच्या तांदुळाची चिंता असते. टिळकांच्या रागाचे वर्णन लक्ष्मीबाईंनी लपविलेले नाही, आणि स्वतःच्या हट्टाचेही नाही. दोघांची भांडणे होत, अबोले होत, आणि मग एखादी अगदी क्षुल्लक गोष्ट दोघांना हसवून जाई. ह्या कथनात पतीची पूजा नाही व पतीची निंदाही नाही. ज्या माणसाबरोबर चाळीस वर्षे काढली त्याला बाई पुरती ओळखून आहे, एवढेच त्यातून दिसते.

येथवरचा संसार इतर शंभर संसारांसारखाच म्हणता येईल. पुढे जे घडले ते मात्र शंभरांत एकाच्याही वाट्यास येत नाही. आगगाडीच्या प्रवासात एका पाश्चात्त्य गृहस्थाशी टिळकांची गाठ पडली; धर्माविषयी बोलणे झाले; त्याने बायबलाची एक प्रत त्यांना दिली. वाचन, विचार, पत्रव्यवहार असे चालता चालता १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पत्नीला ही वार्ता कळली तेव्हा तिच्या पदरी लहानगा दत्तू होता. त्या काळात ह्या वार्तेचा अर्थ काय होता, तो आज नीट समजून घेतला पाहिजे. नवरा जिवंत, आणि बायको ना सवाशीण ना विधवा. त्याच्या हातचे पाणी चालावयाचे नाही, त्याच्या घरी जाता यावयाचे नाही. आप्तेष्टांची सहानुभूती होती, पण सहानुभूतीनेही माणूस गुदमरतो. लक्ष्मीबाईंची त्या दिवसांतील अवस्था वेड लागल्यासारखी झाली, असे त्यांनीच लिहिले आहे.

सुमारे पाच वर्षे हे दांपत्य विभक्त राहिले. बाई नातलगांच्या आश्रयाने कधी नाशिकास, कधी पंढरपुरास. त्या वेळच्या कायद्याची येथे आठवण ठेवावी. १८६६ साली सरकारने असा कायदा केला होता की ख्रिस्ती झालेल्या माणसाचा जोडीदार धर्मांतराच्या कारणाने त्याच्याजवळ नांदावयास तयार नसेल, तर ख्रिस्ती झालेल्या पक्षास न्यायालयाकडून विवाहबंध तोडून घेता येई. टिळकांना हा मार्ग मोकळा होता. त्यांनी तो धरिला नाही; ते वाट पाहत राहिले. तिकडे लक्ष्मीबाईंनाही माहेरच्या माणसांनी टाकून दिले नाही. नवरा बाटला म्हणून बहिणीला घराबाहेर काढावे, असे त्या मंडळींच्या मनात आले नाही. आणि पुढे ती पतीकडे जावयास निघाली तेव्हा रडून का होईना, पण त्यांनी तिला जाऊ दिले. ह्या साध्या माणसांची थोरवी पुस्तकात पानोपानी आहे. धर्माच्या वादात घरे मोडल्याच्या हकीकती पुष्कळ ऐकू येतात. मोडता मोडता सावरलेल्या घराची हकीकत लिहून ठेवणारे थोडे.

लक्ष्मीबाई नगरास पतीकडे आल्या, तेव्हाही त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या, आणि होण्याचा विचारही नव्हता. नवऱ्याजवळ राहावयाचे, पण आपले सोवळे, आपले पाणी व आपला स्वयंपाक वेगळा ठेवावयाचा, असा त्यांचा बेत. एकाच संसारात दोन धर्म, आणि मध्ये एक लहान मूल, ज्याला दोघांकडेही धावावयाचे असे. आजच्या वाचकाला ह्या प्रसंगांत विनोद दिसतो आणि लक्ष्मीबाईंनीही तो दाखविला आहे. परंतु ज्या बाईस त्या घरी पाणी भरावे लागत होते तिला त्या वेळी हसू आले नसेल. चाळीस वर्षांनी मागे वळून पाहताना तिला कळले, की आपण पाण्याची घागर जपत होतो आणि नवरा आपल्याला जपत होता.

पुढे राहुरीस त्यांच्या मनाने मोठा पल्ला गाठला. जातिभेद देवाने केला की माणसाने, ह्या एका प्रश्नाशी त्या झगडत राहिल्या. विचार करता करता त्यांचा निश्चय झाला, की सर्व माणसे एका तऱ्हेनेच जन्मतात व एका तऱ्हेनेच मरतात. तेव्हा हा भेद माणसांचाच. एवढा निश्चय झाल्यावर मग त्यांनी वाट पाहिली नाही. वडिलांच्या घरापासून चालत आलेले सोवळे त्यांनी स्वतःच्या हाताने खाली ठेविले. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की हा निश्चय त्यांनी बाप्तिस्म्याच्या आधी केला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली झाला. पतीने ओढून नेले म्हणून ही बाई गेली नाही. वडिलांच्या धाकाने धरलेले सोवळे आणि पतीच्या प्रेमाने धरावयाचा धर्म, ह्या दोहोंच्या मध्ये तिने आपली स्वतःची पाच वर्षे घेतली. जिचे लग्न कोणी विचारून केले नाही, जिचे नावसुद्धा सासरी बदलले, तिने आयुष्यातील हा एक निर्णय मात्र पूर्णपणे आपला आपण घेतला. तिच्या हास्यात जी निर्भयता आहे तिचा उगम येथे आहे.

ह्यानंतरचा संसार म्हणजे भरलेले घर. छप्पन्नच्या दुष्काळाने, म्हणजे १८९९-१९०० च्या त्या भयंकर अवर्षणाने, नगर जिल्ह्यात किती तरी मुले पोरकी झाली. अशा मुलांना हाताशी धरून घरी आणणे हा टिळकांचा स्वभाव, आणि आणलेल्या मुलांच्या पोटाची व डोक्यातील उवांची व्यवस्था पाहणे हे लक्ष्मीबाईंचे काम. पोटचा मुलगा एक, पण आई म्हणणारी अनेक. तारा ही मुलगी तर लेकच होऊन राहिली. कोण कोणत्या जातीचे, हे विचारण्याची त्या घरी रीत नव्हती. कोण जेवले नाही, एवढेच विचारीत.

ह्याच घरात त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा एक तरुण मुलासारखा वाढला. महाराष्ट्र त्याला बालकवी म्हणून ओळखतो. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात ह्या सतरा वर्षांच्या मुलाच्या कवितेचे कौतुक झाले आणि टिळकांनी त्याला आपल्या छायेखाली घेतले. वाङ्मयाचे इतिहासकार बालकवींच्या प्रतिभेविषयी लिहितात. लक्ष्मीबाई त्यांच्या लहरी, त्यांचे रुसणे, त्यांचा भित्रेपणा व त्यांचे खोडकर लाड सांगतात. निसर्गकवीलाही वेळेवर जेवावयास बोलवावे लागते आणि तो न आल्यास अन्न निवते, ही माहिती दुसऱ्या कोणत्याही ग्रंथात मिळत नाही. १९१८ च्या मे महिन्यात भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली बालकवींचा अंत झाला. वय अवघे सत्तावीस. लक्ष्मीबाईंनी त्याच्या खोड्यांच्या ज्या आठवणी इतक्या लोभाने जपल्या, त्या एका गेलेल्या लेकराच्या आठवणी होत, हे ध्यानात आले म्हणजे त्यांतील प्रत्येक थट्टा निराळी वाटू लागते.

वर्षभराने, ९ मे १९१९ रोजी, टिळकही गेले. पन्नाशीला आलेली बाई मागे राहिली. हिंदू समाजातील त्या काळच्या विधवेच्या वाट्यास काय येई, ते लक्ष्मीबाईंनी नात्यागोत्यात डोळ्यांनी पाहिले होते. त्या मात्र कोपऱ्यात बसल्या नाहीत. मुंबईस मुलींच्या वसतिगृहात त्यांनी देखरेखीचे काम पत्करिले. पुढे मुलाच्या बिऱ्हाडी कराचीसही राहून आल्या. टिळकांनी ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करण्यास आरंभ केला होता. पहिले काही अध्याय रचून तो ग्रंथ, 'ख्रिस्तायन', त्यांच्यामागे अपुरा राहिला. ज्या बायकोला ह्या कवीने अक्षरे शिकविली, तिनेच त्याच्या ग्रंथाचे उरलेले बहुतेक अध्याय रचून काढिले. ग्रंथ १९३८ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. नवऱ्याने अर्धवट टाकलेली कामे पुरी करणे ही जुन्या बायकांची सवयच; परंतु बाजारातून आणावयाची राहिलेली भाजी आणणे निराळे आणि महाकाव्य पुरे करणे निराळे.

ह्या आजीबाईंचे दिवस शेवटी नाशिकास मुलगा, सून व नातवंडे ह्यांच्या सहवासात गेले. ज्या नाशिकच्या परिसरात पाण्याच्या भीतीने तिचे बाळपण गेले, त्याच नाशिकास ती ख्रिस्ती घरातील आजी म्हणून परत आली, आणि गाव तिला मान देऊ लागले.

येथे एक शंका कोणी घेईल. इतके दुःख भोगलेल्या बाईने हसत सांगावे, म्हणजे तिने दुःखावर पांघरूणच घातले नाही काय? वडिलांचा जाच, पतीचा राग, समाजाची क्रूरता ह्यांची वाफ थट्टेत घालवून तिने अपराध्यांना मोकळे तर सोडले नाही? शंका वाजवी आहे. परंतु 'स्मृतिचित्रे' लक्ष देऊन वाचणाऱ्यास तिचे उत्तर मिळते. लक्ष्मीबाई एकही अपराध गाळीत नाहीत. वडिलांनी काय केले, सासऱ्यांनी काय केले, टिळक रागाच्या भरात काय करीत, हे सर्व जेथल्या तेथे आहे. पांघरूण घालणारा माणूस प्रथम प्रसंग लपवितो. ही बाई प्रसंग पूर्ण सांगते, आणि मग न्याय देण्याचे काम वाचकावर सोपवून पुढे जाते. शिवाय ती सर्वांत अधिक हसते ती स्वतःला. स्वतःचे अज्ञान, स्वतःची भीती, स्वतःचा हट्ट, फसलेले बेत. ह्यांची थट्टा आधी, मग इतरांची. जो आपल्याला हसला आहे त्याने दुसऱ्यास हसावे; त्याच्या हसण्याने जखम होत नाही. आणि तिसरी गोष्ट, ती दुर्बळाला कधी हसत नाही. भुकेले मूल, छळलेली सून, बहिष्कृत माणूस ह्यांच्याजवळ आली की तिची लेखणी गप्प होते.

ह्या हसण्याने एक कार्य असेही केले, जे वादाने झाले नसते. महाराष्ट्रात त्या काळी ख्रिस्ती झालेल्या माणसाविषयी संशय होता, आणि ख्रिस्ती समाजातही जुन्या धर्माविषयी तुच्छता बाळगणारे होते. ही आजी दोन्ही बाजूंच्या घरांत वाढलेली. ती सोवळ्याच्या वेडाला हसली, आणि मिशनच्या आवारातील माणसांच्या तऱ्हांनाही हसली. सोडून आलेल्या धर्मातील माणसांवरची माया तिने सोडली नाही, आणि स्वीकारलेल्या धर्मावरील निष्ठाही झाकली नाही. म्हणून तिचे पुस्तक देवघरातही वाचले गेले व चर्चच्या ओसरीवरही. १९५० साली जोसेफिन इंकस्टर ह्यांनी त्याचे संक्षिप्त इंग्रजी भाषांतर केले, आणि २०१७ साली शांता गोखले ह्यांनी ते नव्याने इंग्रजीत आणिले. नातू अशोक टिळक ह्यांनी आजीच्या ह्या ग्रंथाची साक्षेपाने संपादिलेली आवृत्ती महाराष्ट्रास दिली. मुलाने मागितले म्हणून आजी बोलली, आणि नातवाने जपले म्हणून ते टिकले.

ह्यातच आपणा सर्वांना घेण्याजोगे काही आहे. देवदत्तांनी आईला विचारले नसते तर काय झाले असते? लक्ष्मीबाई चार शेजारणींत गोष्टी सांगून गेल्या असत्या, शेजारणी हसल्या असत्या, आणि मराठीतील एक श्रेष्ठ ग्रंथ वाऱ्यावर गेला असता. अशा किती आजी न विचारताच गेल्या असतील, त्यांची मोजदाद कोण करणार? मुरुडच्या पडवीत बसलेल्या वृद्धेने संस्थानी काळ पाहिलेल्या माणसांच्या तोंडच्या गोष्टी ऐकलेल्या आहेत. कोळीवाड्यातील आजीला वादळातून न परतलेल्या होड्यांची नावे पाठ आहेत. कोर्लईच्या आजीजवळ तर एक अख्खी बोलीच आहे, जी काहीशे माणसांच्या तोंडी उरली आहे आणि जिचे शब्द तिच्या नातवाला शाळेच्या पुस्तकात मिळणार नाहीत. आजीच्या गोष्टी नातवंडांना फार वेळा त्याच त्या वाटतात. त्याच गोष्टी पुन्हा ऐकावयास मिळू नयेत असा दिवस येतो, तेव्हा त्यांचा अर्थ कळतो.

तेव्हा ज्यांच्या घरी आजी आहे त्यांनी आज संध्याकाळी दिवेलागणीनंतर तिच्याजवळ बसावे आणि एकच प्रश्न विचारावा, 'आजी, तुझे लग्न झाले तेव्हा काय झाले?' ती प्रथम म्हणेल, 'त्यात काय सांगावयाचे?' मग थोडी हसेल, आणि बोलू लागेल. जवळ वही असू द्यावी.